नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : ६ डिसेंबर, इ.स. १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा. मृत्यू : ९ मे, इ.स. १९१९, मुंबई) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते प्रसिद्ध आहेत. निसर्ग, मुले आणि कौटुंबिक जीवन यांवरील कवितांमुळे त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले जाते. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येशू ख्रिस्ताचे अनुयायी होण्यासाठी आपली भाषा, आपली संतपरंपरा आणि आपला देश सोडावा लागत नाही, ही त्यांची ठाम भूमिका होती. त्यांचे भजनलेखन, कीर्तने, अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन आणि अखेरच्या काळातील देवाचा दरबार हे सर्व कार्य याच भूमिकेतून घडले. स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्नी होत.

जन्म व बालपण

टिळकांचा जन्म कोकणातील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणीची पहिली वर्षे आजोळी करजगावी गेल्यानंतर ते वडिलांकडे कल्याणला आले. वडील वामनराव हे तापट व कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई या भाविक व काव्याची आवड असलेल्या होत्या. कवितेची गोडी टिळकांना आईकडून लाभली. ते अकरा-बारा वर्षांचे असताना आई वारली. त्यानंतर घरात त्यांचे मन रमेना. ते घर सोडून नाशिकला गेले आणि तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत काव्याचा व अलंकारशास्त्राचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेतील शिक्षण मात्र त्यांना फार काळ घेता आले नाही. पुढील इंग्रजी त्यांनी बहुतांशी स्वतःच्या वाचनाने आत्मसात केले.

विवाह व भटकंतीची वर्षे

इ.स. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर मनकर्णिकांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि अत्यंत कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढल्या होत्या.

पुढची दहा-बारा वर्षे टिळक एका जागी स्थिर राहिले नाहीत. शिक्षकी, पौरोहित्य, कीर्तने, पुराणकथन, छापखान्यातील काम असे अनेक उद्योग त्यांनी केले. हाती आलेला पैसा ते गरजूंना देऊन टाकत, नोकरी मनास येईल तेव्हा सोडत आणि कित्येकदा कोणास न सांगता निघून जात. या स्वभावाची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागली.

या भटकंतीमागे धार्मिक अस्वस्थताही होती. जातिभेद व मूर्तिपूजा यांवरील त्यांचा विश्वास या काळात उडत गेला. देशाची उन्नती धार्मिक पुनर्घटनेवाचून होणार नाही असे त्यांना वाटू लागले आणि एखाद्या नव्या धर्मपंथाची मांडणी करण्याचा विचारही त्यांच्या मनात घोळू लागला. इ.स. १८९१ मध्ये ते नागपूरला आले. तेथे धनिक विद्याप्रेमी अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांसंबंधीचे काम केले व ऋषी नावाचे धर्मविषयक मासिक चालविले. याच वर्षी त्यांचे पुत्र देवदत्त यांचा जन्म झाला.

धर्मांतर

इ.स. १८९३ मध्ये टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले होते. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संस्कृत काव्यावर बोलणे झाले. संभाषण पुढे धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशाने नव्या कराराची एक प्रत त्यांना दिली आणि ते दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांना ते पटले नाही, परंतु पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी दिले व ते पाळले.

मत्तयकृत शुभवर्तमानातील पाचव्या ते सातव्या अध्यायांत आलेल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांची पकड घेतली. वैऱ्यावर प्रीती करणे, दान गुप्तपणे देणे, उद्याची चिंता न करणे आणि ऐकलेली वचने आचरणात आणणे ही त्या प्रवचनाची शिकवण आहे. आपण मनाशी जुळवीत असलेल्या धर्माच्या अनेक प्रश्नांची उत्तरे तेथे आहेत असे टिळकांना दिसले. ग्रंथाच्या वाचनापासून सुरू झालेला हा शोध हळूहळू येशूच्या व्यक्तित्वाकडे वळला आणि ते त्याला गुरू मानून प्रार्थना करू लागले. मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संपर्क आला.

दि. १० फेब्रुवारी, इ.स. १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी तुकारामजी नथोजी या भारतीय पाळकांच्या हस्ते झाला. परदेशी मिशनरीऐवजी स्वदेशीय पाळकाकडून दीक्षा घेण्यामागे पुढील आयुष्यातील त्यांच्या भूमिकेचे बीज दिसते.

कौटुंबिक ताटातूट व पुनर्मीलन

टिळकांच्या धर्मांतराची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पतीच्या निर्णयात त्यांचा सहभाग नव्हता. त्या काळच्या ब्राह्मण समाजात धर्मांतरित पतीजवळ राहणे म्हणजे जातीतून बाहेर पडणे होते आणि त्याच्यापासून दूर राहणे म्हणजे परित्यक्तेचे जिणे पत्करणे होते. लहानग्या दत्तूसह त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. टिळक पत्रे पाठवीत व भेटीस येत, परंतु ही ताटातूट जवळजवळ पाच वर्षे टिकली.

अखेरीस लक्ष्मीबाई मुलासह टिळकांकडे राहावयास आल्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही. सुरुवातीस त्यांनी आपले सोवळे, वेगळे पाणी व वेगळा स्वयंपाक चालू ठेवला. पुढे सहवासातून आणि स्वतःच्या विचारातून त्यांची जातिभेदाची भावना गळून पडली. इ.स. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दुष्काळाने पोरकी झालेली मुले व अनेक निराधार माणसे या दांपत्याच्या घरी आश्रयास असत. घरातील अन्न व पैसा वाटून टाकण्याच्या टिळकांच्या सवयीमुळे संसाराची ओढाताण मात्र धर्मांतरानंतरही कायम राहिली.

अहमदनगर येथील कार्य

धर्मांतरानंतर टिळकांच्या कार्याचे प्रमुख केंद्र अहमदनगर होते. तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. इ.स. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकन मराठी मिशनने इ.स. १८४२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञानोदय या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी इ.स. १९१२ पासून अखेरपर्यंत केले. बालबोधमेवा या मुलांच्या मासिकाशीही त्यांचा संबंध होता.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील उपासनेत त्या काळी इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाण्याची पद्धत रूढ होती. कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर गीते रचण्यास आरंभ केला होता. टिळकांनी हे काम फार पुढे नेले. अभंग, ओवी, पद व भजन या प्रकारांत त्यांनी शेकडो गीते रचली. टाळ-मृदंगाच्या साथीने, पूर्वरंग व उत्तररंग सांभाळून ते ख्रिस्तचरित्रावर कीर्तने करीत. ज्या श्रोत्यांना चर्चमधील प्रवचन परके वाटे, त्यांना कीर्तनाची बैठक ओळखीची होती.

त्यांच्या दृष्टीने हा केवळ प्रचाराच्या सोयीचा प्रश्न नव्हता. तुकाराम व इतर वारकरी संत यांनी आपल्या मनाची मशागत केली आणि त्यांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. म्हणून संतांचे ऋण नाकारणे त्यांना कृतघ्नपणाचे वाटे. त्यांच्या भजनांत येशू हा माउली, सद्गुरू, सखा अशा रूपांत येतो. वारकरी अभंगात विठ्ठलाशी जी सलगी आढळते, तीच येथे ख्रिस्ताशी साधलेली दिसते. हिंदू समाजातील काहींना धर्मांतरित कवीची ही भाषा खटके, तर ख्रिस्ती समाजातील काहींना तिच्यात जुन्या धर्माची छाया दिसे. टिळकांनी दोन्ही आक्षेप सहन केले आणि आपली वाट बदलली नाही.

साहित्य

टिळक हे केशवसुतांच्या पिढीतील कवी होत. संस्कृत वळणाच्या काव्यापासून आरंभ करून ते आधुनिक आत्मपर कवितेकडे आले. वनवासी फूल, सुशीला, बापाचे अश्रू, माझी भार्या या त्यांच्या प्रसिद्ध कविता होत. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीच्या अखेरच्या क्षणांवरील त्यांची कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी वाचली आहे. त्यांनी देशभक्तिपर कविताही लिहिल्या. धर्म बदलल्याने देशप्रेम उणे होते, हा समज त्यांना मान्य नव्हता.

इ.स. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या पहिल्या कविसंमेलनात टिळकांचा सहभाग होता. याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना बालकवी ही उपाधी मिळाली. पुढे ठोंबरे काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळक दांपत्याने त्यांना मुलाप्रमाणे सांभाळले.

टिळकांच्या ख्रिस्तपर अभंगांचा संग्रह अभंगांजली या नावाने प्रसिद्ध आहे. इ.स. १९०९ मध्ये त्यांनी ख्रिस्तायन या ओवीबद्ध महाकाव्यास आरंभ केला. येशूचे चरित्र महाराष्ट्रातील आख्यानकाव्याच्या परंपरेत आणण्याचा हा प्रयत्न होता. सुमारे अकरा अध्याय लिहून झाले असता त्यांचे निधन झाले. उरलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ग्रंथ पूर्ण केला.

देवाचा दरबार

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत टिळकांना मिशनच्या चौकटीत राहणे कठीण वाटू लागले. मिशनरी व भारतीय ख्रिस्ती यांच्यातील संबंध मालक व नोकर यांच्यासारखा झाला आहे, मंडळ्या परकीय पैशावर अवलंबून आहेत आणि त्यामुळे ख्रिस्त हा परकीयांचा देव असल्याची समजूत देशात दृढ झाली आहे, असे त्यांचे मत बनले. उपदेशकाने पगार घेऊन उपदेश करावा हेही त्यांना रुचेना. गावोगाव फिरणारा, हाती काही न ठेवणारा येशू आणि महाराष्ट्रातील निःसंग साधू यांत त्यांना साम्य दिसे. डोंगरावरील प्रवचन शब्दशः जगावयाचे तर निश्चित वेतन सोडले पाहिजे, या निर्णयाप्रत ते आले.

इ.स. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या सेवेचा त्याग केला आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. हा संन्यास कुटुंबाचा त्याग करणारा नव्हता. लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत होत्या. साताऱ्यास राहून त्यांनी देवाचा दरबार ही संकल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसमाज असावा, अशी तिची कल्पना होती. ख्रिस्ताला गुरू मानून त्याच्या मागे चालू पाहणाऱ्या, परंतु समाज व कुटुंब यांच्यापासून तुटण्यास तयार नसलेल्या हिंदूंना त्यात स्थान होते.

ही कल्पना वादाची होती. ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्मा हे मंडळीच्या प्रवेशाचे द्वार मानले जाते. त्याच्याबाहेरही शिष्यत्व असू शकते असे म्हणताच मंडळीची सीमा कोणती, हा प्रश्न उभा राहतो. टिळकांनी स्वतः उघडपणे बाप्तिस्मा घेतला होता व त्याची किंमत दिली होती. तथापि प्रत्येकाने तीच किंमत त्याच रीतीने द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंनी सोसलेली पाच वर्षे पाहता या भूमिकेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

मृत्यू

दरबाराचे कार्य मूळ धरण्यापूर्वीच टिळकांची प्रकृती ढासळली. दि. ९ मे, इ.स. १९१९ रोजी मुंबईतील जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्या काळी ख्रिस्ती समाजात दफनाची प्रथा सार्वत्रिक असतानाही त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. त्यांच्या अस्थी नंतर अहमदनगरला नेण्यात आल्या.

वारसा

संस्थापकाच्या मृत्यूनंतर देवाचा दरबार संस्था म्हणून टिकला नाही. त्यांची भजने मात्र पंथभेद ओलांडून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायली जातात. उपासना संगीत या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. इ.स. १९२३ मध्ये जे. सी. विन्सलो यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले.

टिळकांचे सर्वांत जिवंत चित्र लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या ग्रंथात आढळते. त्याचा पहिला भाग इ.स. १९३४ मध्ये प्रकाशित झाला. पतीची उदारता, हट्ट, विसराळूपणा, संताप व श्रद्धा यांचे वर्णन त्यात विनोदबुद्धीने आणि कोणताही आडपडदा न ठेवता आले आहे. औपचारिक शिक्षण न लाभलेल्या या लेखिकेचा हा ग्रंथ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणला जातो. इ.स. १९५० मध्ये प्रकाशित झालेल्या त्याच्या इंग्रजी अनुवादाला मी मागून येते अशा अर्थाचे शीर्षक देण्यात आले. पुत्र देवदत्त नारायण टिळक व नातू अशोक देवदत्त टिळक यांनी पुढे या दोघांच्या साहित्याचे जतन व संपादन केले.