प्लेगचे बाण आणि संत सेबास्तियनचा झगा : चित्रकार बेनोझ्झो गोझ्झोली

इतालींतील फ्लॉरेन्स शहरीं इ. स. १४२० च्या सुमारास जन्मलेला बेनोझ्झो गोझ्झोली हा दोमिनिकन संन्यासी फ्रा आंजेलिको यांच्या हाताखालीं रोम व ओर्व्हिएतो येथें चित्रकलेंत तयार झाला. मोंतेफाल्कोस त्यानें संत फ्रान्सिसचें चरित्र देवळाच्या भिंतीवर रंगविलें. पुढें १४५९ त मेदिची घराण्याच्या प्रार्थनामंदिरांत तीन राजांची स्वारी अशा थाटानें काढिली कीं, जग त्यास आजहि तिच्यावरूनच ओळखतें. आम्हांस मात्र त्याच्या दुसऱ्या एका चित्राविषयीं लिहावयाचें आहे.

सान जिमिन्यानो गांवीं अगस्तिनियन संन्याशांच्या देवळांत तो संत अगस्तिनचें चरित्र रंगवीत होता. फ्रा दोमेनिको स्त्रांबी या विद्वान संन्याशानें तें काम त्यास दिलें होतें. १४६४ त गांवांत प्लेग शिरला, काम मधेंच थांबलें, आणि बेनोझ्झोनें त्याच देवळांत संत सेबास्तियनचें चित्र काढिलें.

सेबास्तियन म्हटले कीं बाणांनीं विंधलेला उघडा देह आपल्या डोळ्यांपुढें येतो. येथें तसें नाहीं. संत पूर्ण वस्त्रानिशीं, हात जोडून उभे आहेत. अंगांत एकहि बाण नाहीं. वरून परमपिता रोगाचे बाण सोडीत आहे. देवदूतांनीं संतांचा झगा पसरून धरिला आहे, त्यावर ते बाण मोडतात, आणि झग्याच्या आसऱ्यास गांवचे स्त्रीपुरुष गुडघे टेकून आहेत. आमचा प्रभु आपली जखम दाखवून आणि पवित्र मारीया ज्यानें त्यास पाजिलें तो स्तन दाखवून पित्यापाशीं रदबदली करीत आहेत.

पित्याच्या हातीं बाण पाहून कित्येकांस धक्का बसतो. प्रथम आम्हांसहि बसला. परंतु, वाचकहो, नीट पाहा. संत स्वतःच्या बळावर कोणास राखीत नाहीत, ते विनवितात; आणि त्यांच्या विनवणीच्या वर प्रभूची जखम आहे. १८९६ च्या प्लेगांत वांद्रें-मुंबईकडे आपल्या वाडवडिलांनीं क्रूस उभारले, ते असाच आसरा शोधीत.

दुसऱ्या वर्षीं गांवच्या मुख्य देवळांत बेनोझ्झोनें सेबास्तियनचें हौतात्म्यहि रंगविलें, तेथें मात्र बाण आहेत. अगस्तिनचें चरित्रहि पुरें झालें.

मग पिसाच्या कांपो सांतो या स्मशानभूमींत त्यानें वर्षानुवर्षें जुन्या करारांतील कथा रंगविल्या. तीं चित्रें १९४४ च्या युद्धांत आगीनें होरपळलीं. पिसाच्या लोकांनीं १४७८ त त्यास तेथेंच थडग्याची जागा देऊं केली होती. परंतु १४९७ त पिस्तोया शहरीं, बहुधा प्लेगनेंच, त्यास मरण आलें, आणि त्याचा देह तिकडेच राहिला.