विश्लेषण : डीजेच्या भिंतीमागे फ्रान्सचा ‘जिल्हाधिकारी’! डिजिटल क्रॉसओव्हर आणि जोसेफ फोरियर यांचा संबंध काय?

गणपतीची मिरवणूक असो वा लग्नाची वरात, डीजेच्या भिंतीजवळ साउंडवाल्यांचा एक रॅक असतो. त्यात जड अ‍ॅम्प्लिफायरच्या वर एक पट्टीसारखा चपटा डबा दिसतो. छोटी स्क्रीन, काही बटणे आणि मागे वायरींचे जंजाळ. हाच डिजिटल क्रॉसओव्हर. ढोलाचा दणका बेसकडे, गायकाचा आवाज मिडकडे आणि झांजेची किणकिण वरच्या भोंग्याकडे पाठवणे हे त्याचे काम. पण एकच गाणे असे फोडता येते, यामागचे गणित आले कुठून? त्यासाठी दोनशे वर्षे मागे, फ्रान्समधील ग्रनोबल शहरात जावे लागते. तिथे जोसेफ फोरियर नावाचे अधिकारी दिवसा फायली हाताळत होते आणि उरलेल्या वेळात उष्णतेचे गणित मांडत होते. इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना हे नाव गणिताच्या पेपरात भेटते आणि ते पुन्हा भेटू नये, असेच बहुतेकांना वाटते. त्यांचे आयुष्य मात्र पेपरापेक्षा बरेच रंजक आहे.

शिंप्याचा मुलगा गणिताकडे कसा वळला?

फोरियर यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओझेर गावात झाला. वडील शिंपी. दहा वर्षांचे होण्याच्या सुमारास आई-वडील दोघेही गेले. गावातील लष्करी शाळा ख्रिस्ती साधू चालवत. तिथे या अनाथ मुलाला प्रवेश मिळाला आणि गणिताची गोडी लागली. रात्री अभ्यास करता यावा म्हणून तो मेणबत्त्यांची उरलेली टोके गोळा करायचा, असे सांगतात. तोफखान्यात जायची इच्छा होती, पण उमराव घराण्यात जन्म नसल्याने ते दार बंद झाले. मग काही काळ मठात, नंतर जुन्या शाळेत शिक्षक.

तेवढ्यात फ्रेंच राज्यक्रांती झाली. फोरियर गावच्या क्रांती समितीत सामील झाले, पण ऑर्लेआँमधील एका वादात त्यांनी घेतलेली बाजू अंगाशी आली. १७९४च्या जुलैमध्ये त्यांना अटक झाली. त्या दिवसांत अटकेनंतरचा मुक्काम अनेकदा गिलोटिन असे. पण त्याच महिन्याच्या अखेरीस खुद्द रोबेस्पियरचे डोके उडाले आणि फोरियर सुटले. काही दिवसांचा हा फरक पडला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

जिल्हाधिकारी उष्णतेच्या मागे का लागले?

पॅरिसमध्ये लाग्रांज, लाप्लास यांच्यासारख्या गणितींकडून शिकून ते प्राध्यापक झाले. १७९८मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेले आणि कैरोतील विज्ञान संस्थेचे सचिव झाले. १८०१मध्ये परतल्यावर पुन्हा शिकवायचे होते. नेपोलियनने मात्र त्यांना ग्रनोबलचे प्रीफेक्ट नेमले. आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखेच हे पद. तिथे त्यांनी आजूबाजूच्या गावांची समजूत घालून बुर्ग्वांची दलदल उपसून काढली, ट्यूरिनकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम लावले.

याच काळात ते लोखंडी कडी तापवून तिच्यात उष्णता कशी पसरते, हे मोजत होते. डिसेंबर १८०७मध्ये त्यांनी पॅरिसला प्रबंध सादर केला. त्यातला दावा धाडसी होता. आलेख कितीही वेडावाकडा असो, अगदी मध्येच तुटलेला असला तरी तो वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या साध्या, गोलाईदार साइन लहरींची बेरीज म्हणून मांडता येतो. तपासणाऱ्यांमध्ये लाग्रांज आणि लाप्लास होते. लाग्रांज यांना हे पटले नाही. प्रबंध छापला गेला नाही. १८१२मध्ये याच विषयाच्या स्पर्धेत फोरियर यांना बक्षीस मिळाले, पण मांडणी काटेकोर नाही, असा शेराही सोबत आला. पुस्तक निघाले ते थेट १८२२मध्ये. म्हणजे १५ वर्षांची प्रतीक्षा! आक्षेपात तथ्य होते, हेही खरे. हा दावा नेमका कोणत्या अटींवर खरा ठरतो, हे डिरिश्ले यांनी १८२९मध्ये सिद्ध केले.

मग क्रॉसओव्हरमध्ये हे कुठे येते?

गाण्याचा सिग्नल हादेखील एक वेडावाकडा आलेखच. तो साइन लहरींची बेरीज असेल, तर १०० हर्ट्झच्या खालच्या लहरी एकीकडे आणि वरच्या दुसरीकडे, अशी विभागणी करता येते. क्रॉसओव्हरमधील प्रत्येक चिप फोरियर यांचे समीकरण सोडवत बसते, असे नाही. बरेचसे फिल्टर साध्या गुणाकार-बेरजांवर चालतात. पण फिल्टर काय करतो हे ठरवण्याची आणि मोजण्याची भाषा फोरियर यांचीच आहे.

उदाहरणार्थ, बेसची मर्यादा १०० हर्ट्झ आणि उतार २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह ठेवला, तर २०० हर्ट्झला बेसकडे जाणारी शक्ती सुमारे अडीचशेव्या भागावर येते. लिंकविट्झ आणि रायली या अभियंत्यांनी १९७६मध्ये मांडलेला हा फिल्टर आजही बहुतेक मेन्यूत दिसतो. वरच्या भोंग्याची मर्यादा मात्र कानाने नव्हे, तर कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा पाहून ठरवावी. तिथे खालच्या फ्रिक्वेन्सी शिरल्या, तर आतला नाजूक पडदा क्षणात फाटतो. म्हणूनच पहिल्यांदा जोडताना आवाज अगदी कमी ठेवून कोणत्या आउटपुटमधून काय येते, हे तपासतात.

खरी गंमत ‘डिले’मध्ये आहे. फोरियर यांच्या हिशेबात कोणती लहर किती, एवढे पुरत नाही. ती कोणत्या टप्प्यावर आहे, हेही लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. बेस टॉपपेक्षा एक मीटर मागे असेल, तर त्याचा आवाज २.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १०० हर्ट्झची एक लहर १० मिलिसेकंदांची असल्याने हा फरक पाव लहरीहून जास्त झाला. अशा वेळी ठेका पोकळ वाटतो आणि बरेच जण बेस वाढवत सुटतात. त्याऐवजी पुढच्या टॉपला तेवढा डिले द्यावा. जुळले की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी : १०० हर्ट्झचा सूर लावा, एका बाजूची पोलॅरिटी उलटी करा आणि आवाज सर्वांत कमी होईपर्यंत डिले बदला. मग पोलॅरिटी पूर्ववत करा. शेवटी लिमिटर लावायला विसरू नये. आणि अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचा सर्वांत शेवटी, बंद करायचा सर्वांत आधी. नाहीतर ‘धप्प’ झालेला आवाज थेट स्पीकरवर आदळतो. (हे सगळे जमले की आवाज स्वच्छ होतो, कमी होत नाही. शेजाऱ्यांसाठी वेगळे बटण आहेच.)

फोरियर यांचे पुढे काय झाले?

१८१५मध्ये एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन ग्रनोबलच्या दिशेने निघाला, तेव्हा फोरियर राजाच्या नोकरीत होते. ते शहर सोडून गेले. नेपोलियन आधी चिडला, मग त्यांनाच लिओंचे प्रीफेक्टपद दिले. फोरियर यांनी थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. राजा परतल्यावर मात्र ना पद उरले, ना पेन्शन. पॅरिसमधील एका जुन्या विद्यार्थ्याने सांख्यिकी कार्यालयात काम दिले. १८१६मध्ये विज्ञान अकादमीवर निवड झाली, ती राजाने नाकारली. पुढच्या वर्षी पुन्हा निवड झाली आणि टिकली. १८२२मध्ये ते तिथले कायम सचिव झाले.

इजिप्तहून आल्यापासून त्यांना सतत थंडी वाजायची. खोल्या तापवून, कपड्यांचे थर चढवून ते बसत. पृथ्वीचे वातावरण उष्णता कशी धरून ठेवते, यावरही त्यांनी १८२४मध्ये लिहिले. १६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्ये त्यांचे नाव आहे. लाग्रांज आणि लाप्लास यांचीही आहेत.