जोसेफ लुई गे-ल्युसॅक

जोसेफ लुई गे-ल्युसॅक (६ डिसेंबर १७७८ – ९ मे १८५०) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. वायूंच्या रासायनिक संयोगात त्यांच्या आकारमानांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकांत असते, हा नियम त्यांनी मांडला. वायूंच्या अभिक्रियांतील आकारमानाची गणिते आजही याच नियमाच्या आधारे सोडवली जातात.

जीवन

त्यांचा जन्म मध्य फ्रान्समधील सेंट-लेओनार-द-नोब्ला येथे झाला. वडील न्यायखात्यात अधिकारी होते. राज्यक्रांतीच्या काळात त्यांना तुरुंगवास घडला. गे-ल्युसॅक १७९७ मध्ये पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये दाखल झाले व पुढे क्लोद बेर्तोले यांचे साहाय्यक बनले. स्थिर दाबाखाली सर्व वायू उष्णतेने सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हे त्यांनी १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. झाक शार्ल यांनी हे काम आधी केले होते, पण छापले नव्हते. गे-ल्युसॅक यांनी त्याचा उल्लेख केला, म्हणूनच तो नियम आज शार्ल यांच्या नावाने ओळखला जातो.

१६ सप्टेंबर १८०४ रोजी ते बलूनमधून एकटेच सुमारे ७,००० मीटर उंचीवर गेले. तेथून आणलेल्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण जमिनीवरच्या हवेइतकेच निघाले.

उरलेल्या वायूचे मापन

हवेतील ऑक्सिजन अचूक कसा मोजावा, हा त्या काळचा वादाचा विषय होता. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या आधीच्या मापनांवर गे-ल्युसॅक यांनी कठोर टीका केली होती. हुम्बोल्ट यांनी मात्र टीकाकारालाच सहकारी करून घेतले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली.

दोघांनी व्होल्टा यांचे स्फोटनलिकेचे उपकरण वापरले. त्यात दोन वायू मोजून भरायचे, विजेची ठिणगी पाडायची आणि शिल्लक वायू मोजायचा. एक वायू मुद्दाम जास्त घेतला की दुसरा पूर्णपणे संपतो. संपणाऱ्या या घटकाला आज मर्यादाकारी अभिक्रियाकारक म्हणतात, कारण अभिक्रिया किती होणार हे तोच ठरवतो. १८०५ मध्ये त्यांनी दाखवले की ऑक्सिजनच्या १०० आकारमानांना हायड्रोजनची २०० आकारमाने लागतात.

यावरून हवेचे गणित सोपे होते. समान तापमान व दाबाला १०० मिलिलिटर कोरडी हवा व १०० मिलिलिटर हायड्रोजन घेतल्यास हवेतील २१ मिलिलिटर ऑक्सिजन पूर्ण संपतो आणि ४२ मिलिलिटर हायड्रोजन वापरतो. तयार झालेली वाफ थंड होऊन पाणी बनते व आकारमान ६३ मिलिलिटरने घटते. म्हणजे घटीचा एक तृतीयांश भाग ऑक्सिजनचा असतो. शिल्लक १३७ मिलिलिटरमध्ये ५८ मिलिलिटर हायड्रोजन असतो, बाकी मुख्यतः नायट्रोजन.

आकारमानाचा नियम व वाद

हीच साधी गुणोत्तरे इतरत्रही आढळतात का, हे त्यांनी तपासले. अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड समान आकारमानात संयोग पावून घन क्षार देतात. कार्बन मोनॉक्साइडच्या दोन आकारमानांना ऑक्सिजनचे एक लागते व कार्बन डायॉक्साइडची दोन मिळतात. हा नियम त्यांनी ३१ डिसेंबर १८०८ रोजी जाहीर केला.

नियमाचा अर्थ लावणे मात्र अवघड ठरले. नायट्रोजनचे एक व ऑक्सिजनचे एक आकारमान मिळून नायट्रिक ऑक्साइडची दोन आकारमाने होतात. समान आकारमानात कणांची संख्या समान मानली, तर प्रत्येक मूळ कण दुभंगला पाहिजे. डाल्टन यांचा अणू अविभाज्य होता. त्यांनी गे-ल्युसॅक यांची मापनेच नाकारली. गुरू बेर्तोले यांचा तर निश्चित प्रमाणाच्या कल्पनेलाच विरोध होता, त्यामुळे गे-ल्युसॅक निष्कर्ष मांडताना सावध राहिले. दुभंगणारा कण हा अणू नसून दोन अणूंचा रेणू आहे, हे उत्तर आव्होगाद्रो यांनी १८११ मध्ये सुचवले. पण ते व्यापकपणे स्वीकारले जाण्यास १८६० नंतरचा काळ उजाडला.

इतर कार्य व अखेर

लुई तेनार यांच्यासोबत त्यांनी १८०८ मध्ये बोरॉन वेगळा केला. त्याच वर्षी पोटॅशियमच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. आयोडीन व सायनोजेनवरील त्यांचे संशोधनही महत्त्वाचे मानले जाते. १८२९ मध्ये ते पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य परीक्षक झाले. चांदीचा कस पाहण्यासाठी मिठाचे मोजलेले द्रावण साका पडणे थांबेपर्यंत घालण्याची त्यांची पद्धत जुन्या मूस-भट्टीच्या रीतीपेक्षा अचूक होती. त्यांचे निधन पॅरिस येथे झाले व दफन पेर लाशेझ दफनभूमीत करण्यात आले.