एकल्स स्ट्रीट, घर नंबर ७

इथे डब्लिनमध्ये दरवर्षी १६ जूनला 'ब्लूम्सडे' साजरा होतो. लोक जुन्या काळच्या हॅट घालून गावभर हिंडतात. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम याच तारखेला, १९०४ साली, या गावातून दिवसभर भटकतो. नोकरीमुळे मी इथे आले तेव्हा हे पुस्तक फार अवघड असतं एवढंच ऐकून होते. वाचायला घेतलं आणि कथेपेक्षा त्यात दडवलेल्या खाणाखुणांमध्येच जास्त अडकले.

पहिली खूण तारखेचीच. जॉइसचा जन्म १८८२ चा, डब्लिनचाच. गॉलवेहून आलेली नोरा बार्नकल इथल्या एका हॉटेलात काम करायची. दोघं पहिल्यांदा फिरायला गेले ते १६ जून १९०४ रोजी, असं मानलं जातं. कादंबरीत नोरा कुठेच नाही, पण अख्खं पुस्तक तिच्या दिवशी घडतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लग्न न करताच दोघांनी देश सोडला. पुढे ट्रिएस्टेमध्ये इंग्रजी शिकवून जॉइसने कसाबसा संसार चालवला.

१९०९ साली तो सुट्टीवर डब्लिनला आला. तेव्हा कॉसग्रेव्ह नावाच्या जुन्या मित्राने त्याला सांगितलं की त्या १९०४ च्या उन्हाळ्यात नोरा माझ्याबरोबरही फिरत होती. जॉइस पार कोसळला. तिकडे नोराला भयंकर पत्रं धाडली आणि इकडे बर्न नावाच्या दुसऱ्या मित्राचं घर गाठलं. हे सगळं कुभांड आहे, असं बर्नने त्याला समजावलं. ते घर म्हणजे एकल्स स्ट्रीट, नंबर ७.

आता कादंबरी बघा. ब्लूमचा पत्ता तोच! ब्लूमला दिवसभर माहीत असतं की दुपारी बायकोचा मित्र घरी येणार आहे. म्हणजे जॉइसने स्वतःला जाळणारा संशय ब्लूमच्या माथी मारला आणि त्याला राहायला घर दिलं ते मात्र जिथे स्वतःला धीर मिळाला ते. ब्लूमची उंची ५ फूट साडेनऊ इंच आणि वजन ११ स्टोन ४ पौंड, हेही बर्नचंच. एका रात्री बर्न किल्ली विसरला होता आणि कठड्यावरून उतरून घरात शिरला होता. ब्लूमही तसाच शिरतो.

काही गोष्टी मात्र निव्वळ योगायोग. डब्लिनच्या १९०४ च्या डिरेक्टरीत हे घर रिकामं नोंदलेलं आहे, त्यामुळे ब्लूमला तिथे ठेवायला काहीच अडचण नव्हती. आणि नेमक्या १६ जून १९०४ लाच अॅस्कॉटच्या गोल्ड कप शर्यतीत 'थ्रोअवे' नावाचा घोडा २० ला १ या भावाने खरोखर जिंकला होता. कादंबरीत ब्लूम एकाला सहज म्हणतो की हा पेपर मी टाकूनच देणार होतो. समोरच्याला वाटतं, ही घोड्याची टिप आहे! घोडा जॉइसला आयता मिळाला, पण त्याची गंमत केली ती त्याने.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट फार आतून कळेल. १९१२ नंतर जॉइस आयर्लंडला परत आलाच नाही, पण लिहिलं ते डब्लिनवरच. १९२१ मध्ये पॅरिसहून त्याने मामीला पत्र लिहून विचारलं की नंबर ७ च्या कठड्यावरून साधारण माणूस न लागता खाली उतरू शकेल का. आपण नाही का फोनवर विचारत, कोपऱ्यावरचं ते दुकान अजून आहे का म्हणून? तसंच.

२ फेब्रुवारी १९२२ ला, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पुस्तक पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालं. नोराशी त्याने रीतसर लग्न केलं ते १९३१ साली. १३ जानेवारी १९४१ ला तो झुरिकमध्ये गेला. त्याला मायदेशी आणावं ही नोराची इच्छा सरकारने मान्य केली नाही, तो अजून झुरिकलाच आहे.

एकल्स स्ट्रीटवरचं ते घर पाडलं गेलं, तिथे आता हॉस्पिटल उभं आहे. घराचा दरवाजा मात्र जेम्स जॉइस सेंटरमध्ये जपून ठेवलाय. डब्लिनला आलात तर जरूर बघा.