मायकेल गर्झन

मायकेल ॲंथनी गर्झन (जन्म : ४ डिसेंबर, १९४५, बर्मिंगहॅम; मृत्यू : ६ मे, १९९६) हे इंग्लिश गणितज्ञ व ध्वनितंत्रज्ञ होते. श्रोत्याच्या चोहोबाजूंचा ध्वनी मोजक्या चॅनेलांत साठवणारी 'ॲम्बिसॉनिक्स' ही पद्धत प्रामुख्याने त्यांनी उभी केली. बहुचॅनेली ध्वनी एकही बिट न गमावता लहान जागेत बसवण्याच्या तंत्राचेही ते एक जनक होत. या दुसऱ्या कामातून 'मेरिडियन लॉसलेस पॅकिंग' ही पद्धत सिद्ध झाली. ती डीव्हीडी-ऑडिओसाठी स्वीकारली गेली आणि पुढे 'डॉल्बी ट्रूएचडी' या रूपाने ब्लू-रे चकत्यांवर पोहोचली. गर्झन यांना मात्र यांपैकी काहीच पाहायला मिळाले नाही. वयाच्या ५०व्या वर्षी दम्याच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

शिक्षण आणि ध्वनीची ओढ

गर्झन यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठात गणिताचे शिक्षण घेतले. पुढे तेथील गणित संस्थेत त्यांनी पुंजसिद्धान्ताच्या स्वयंसिद्धकांवर संशोधन केले. हा विषय पूर्णतः अमूर्त असला तरी त्यांचे मन तितकेच टेपरेकॉर्डर आणि मायक्रोफोन यांतही गुंतलेले होते. ऑक्सफर्डमधील ध्वनिमुद्रणप्रेमी विद्यार्थ्यांच्या मंडळात त्यांची पीटर क्रेव्हन यांच्याशी ओळख झाली. क्रेव्हन हेही गणिताचेच विद्यार्थी होते. ही जोडी अखेरपर्यंत टिकली, आणि गर्झन यांच्या अनेक महत्त्वाच्या शोधांवर दोघांचीही नावे आहेत.

हळूहळू ध्वनितंत्राचे काम इतके वाढले की विद्यापीठातील संशोधन मागे पडले आणि गर्झन सल्लागार म्हणून स्वतंत्रपणे काम करू लागले. जॅझ आणि मुक्त संगीताच्या मैफली ते स्वतः ध्वनिमुद्रित करत. सिद्धान्त मांडणारा आणि टेप फिरवणारा माणूस एकच असणे या क्षेत्रात दुर्मीळ आहे. त्यांच्या लेखनातील व्यवहारी सूर बहुधा त्यामुळेच आला असावा. शोधनिबंधांबरोबरच 'स्टुडिओ साउंड', 'वायरलेस वर्ल्ड' यांसारख्या इंग्लिश मासिकांतून त्यांनी सामान्य तंत्रज्ञांसाठीही विपुल लेखन केले.

ॲम्बिसॉनिक्स

१९७०च्या दशकाच्या आरंभी पाश्चात्त्य ध्वनिमुद्रण उद्योगात 'क्वाड्राफोनी'ची, म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवून ऐकण्याची लाट आली होती. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती एकाच वेळी बाजारात उतरल्या. या सर्वांत एक मूलभूत दोष आहे, असे गर्झन यांनी दाखवले. ध्वनी कोठून आला हे कान कसे ओळखतो याचा विचार न करता केवळ चार स्पीकरांना चार चॅनेल वाटून दिले जात होते.

गर्झन यांचा विचार वेगळ्या टोकापासून सुरू होतो. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावात हरिनाम सप्ताहातील कीर्तन ध्वनिमुद्रित करायचे आहे असे समजा. समोर कीर्तनकार, त्यांच्या मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग आणि मायक्रोफोनच्या पाठीमागे बसलेले श्रोते. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक स्पीकरसाठी एक चॅनेल नोंदवला जातो. ॲम्बिसॉनिक्समध्ये स्पीकरांचा विचार आधी केलाच जात नाही. एका बिंदूपाशी ध्वनी कसा आहे एवढेच चार संकेतांत नोंदवले जाते : एक संकेत सर्व दिशांच्या एकत्रित दाबाचा, दुसरा पुढे-मागेचा, तिसरा डावे-उजवेचा आणि चौथा वर-खालीचा. ऐकणाऱ्याच्या घरी चार स्पीकर असोत वा आठ, त्या मांडणीनुसार या चार संकेतांची बेरीज-वजाबाकी करून प्रत्येक स्पीकरचा हिस्सा काढता येतो. उंचीसह ध्वनिपुनरुत्पादनाची ही मांडणी गर्झन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गोलीय हरात्मक फलनांच्या आधारे केली. रेडिंग विद्यापीठातील प्राध्यापक पीटर फेलगेट हेही याच दिशेने विचार करत होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाने या कामाला पाठबळ दिले.

क्रेव्हन व गर्झन यांनी यासाठी चतुष्फलकाच्या चार पृष्ठांवर चार मायक्रोफोन बसवून 'साउंडफील्ड' हा मायक्रोफोन कल्पिला. चारही मायक्रोफोन एकाच बिंदूवर ठेवणे अशक्य असल्याने त्यांच्यातील अंतराची भरपाई विद्युत् परिपथाने करण्याची युक्ती त्यात आहे. कॅलरेक या कंपनीने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो बाजारात आणला.

व्यापारी दृष्टीने ॲम्बिसॉनिक्स अपयशी ठरले. क्वाड्राफोनीच्या गोंधळाने ग्राहक आणि उत्पादक दोघेही पोळले होते. 'सभोवार ध्वनी' हे शब्द ऐकताच दुकानदार पाठ फिरवत, अशा काळात ही पद्धत तयार झाली. मोठ्या उत्पादकांपैकी कोणीही ती मनापासून स्वीकारली नाही. निंबस रेकॉर्ड्स या वेल्समधील कंपनीने मात्र दोन चॅनेलांत बसणाऱ्या तिच्या रूपात अनेक वर्षे ध्वनिमुद्रणे केली. गणित बरोबर असणे आणि वस्तू खपणे यांत किती अंतर असते, याचे हे उदाहरण ध्वनितंत्राच्या इतिहासात वारंवार दिले जाते.

संख्यांची काटछाट

१९८०च्या दशकात सीडी आली आणि ध्वनी संख्यांच्या रूपात साठवला जाऊ लागला. प्रत्येक संख्या ठरावीक बिटांत बसवताना तिची काटछाट करावी लागते, आणि त्यातून सूक्ष्म खरखर निर्माण होते. १९८९ मध्ये क्रेव्हन व गर्झन यांनी या खरखरीची मर्यादा सांगणारे प्रमेय मांडले. खरखर कानाला जाणवणाऱ्या पट्ट्यातून काढून कमी जाणवणाऱ्या पट्ट्यात ढकलता येते. पण लॉगरिदमी मापाने तिची सर्व पट्ट्यांवरील सरासरी मूळ पातळीच्या खाली आणता येत नाही. एका ठिकाणी दाबावे तेवढे ती दुसऱ्या ठिकाणी वर येते. या प्रमेयावर आधारलेली साधने गर्झन यांनी इस्रायलमधील वेव्ह्ज या कंपनीसाठी केलेल्या कामातही वापरली गेली. कृत्रिम प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या, ऊर्जा राखणाऱ्या बहुचॅनेली जालांवरील त्यांचे १९७०च्या दशकातील लेखनही आजच्या प्रतिध्वनी-यंत्रणांच्या मुळाशी आहे.

हानिरहित संक्षेपण

१९९०च्या दशकात ध्वनीची फाइल लहान करण्याचे दोन मार्ग पुढे आले. एमपी३सारख्या पद्धती कानाला न जाणवणारा भाग टाकून देतात, आणि टाकलेले परत मिळत नाही. दुसरा मार्ग हानिरहित संक्षेपणाचा. यात फाइल लहान होते, पण उलगडल्यावर मूळ संख्या जशाच्या तशा, शेवटच्या बिटापर्यंत मिळतात. केंब्रिज येथे टोनी रॉबिन्सन यांनी 'शॉर्टन' ही अशी पद्धत १९९४ मध्ये अहवालरूपाने मांडली होती. आधीच्या काही नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज करायचा आणि अंदाज किती चुकला तेवढेच साठवायचे, हे तिचे सूत्र. चूक लहान असेल तर ती लिहायला बिटही थोडे लागतात.

गर्झन व क्रेव्हन यांच्यापुढील प्रश्न अधिक अवघड होता, कारण त्यांना सहा चॅनेल हवे होते. सहा चॅनेल, सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असा हिशेब केला तर सेकंदाला १ कोटी ३८ लाख २४ हजार बिट होतात. या दराने ४.७ अब्ज बाइटांची डीव्हीडी सुमारे ४५ मिनिटांत भरते. शिवाय डीव्हीडी-ऑडिओत सेकंदाला ९६ लाख बिटांपेक्षा अधिक माहिती देण्याची सोयच नव्हती. म्हणून सरासरी आकार कमी करून भागणार नव्हते. सर्वांत गजबजलेल्या क्षणीही मर्यादा ओलांडली जाऊ नये, ही अट होती.

बहुचॅनेली ध्वनीत बचतीची एक जागा मात्र अधिक असते. वर उल्लेखिलेल्या कीर्तनात मृदंगावरची थाप सहाही चॅनेलांत कमी-अधिक प्रमाणात उमटते. एकाच गोष्टीची सहा वेळा नोंद करण्याऐवजी एका चॅनेलवरून दुसऱ्याचा अंदाज करता येईल. पण येथे काटछाटीची अडचण येते. गुणाकारातून अपूर्णांक निर्माण होतात, ते पूर्णांकांत बसवावे लागतात, आणि उलट गणित करताना मूळ संख्या नेमकी मिळत नाही. एका बिटाचा फरक पडला तरी पद्धत हानिरहित राहत नाही.

यावरील उपाय एका छोट्या उदाहरणाने समजतो. एका क्षणी पहिल्या चॅनेलवर ९०७ आणि दुसऱ्यावर १००३ या संख्या आहेत. दुसऱ्या चॅनेलच्या ०.९ पट म्हणजे ९०२.७. ही संख्या आधी पूर्णांकात आणून ९०३ करायची आणि मग पहिल्यातून वजा करायची. उरतात ४. चकतीवर ४ आणि १००३ एवढेच लिहिले जाते. ऐकताना यंत्राला १००३ मिळालेलेच असते. तेही ०.९ने गुणून तशीच काटछाट करते, त्याला ९०३च मिळतात, आणि ४ मिळवले की ९०७ तंतोतंत परत येतात. काटछाट दोन्हीकडे सारखीच झाल्याने तिची चूक उरत नाही. एका वेळी एकच चॅनेल बदलायचा आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे, या नियमाने अशा पायऱ्या हव्या तितक्या रचता येतात आणि उलट क्रमाने उतरताही येतात. खरखरीच्या अभ्यासात काटछाटीशी वर्षानुवर्षे झगडलेल्या माणसांना हा मार्ग सुचावा, यात नवल नाही.

मेरिडियन ऑडिओ या इंग्लिश कंपनीचे बॉब स्टुअर्ट यांनी या काळात उच्च दर्जाच्या ध्वनिचकतीसाठी तंत्रज्ञांना एकत्र आणले होते. गर्झन त्यांत सहभागी होते. हे काम चालू असतानाच ६ मे १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. दम्याने त्यांना आयुष्यभर त्रास दिला होता. ध्वनिचकत्यांसाठी हानिरहित संकेतनावरील क्रेव्हन व गर्झन यांचा निबंध ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात सप्टेंबर १९९६ मध्ये, म्हणजे गर्झन गेल्यानंतर चार महिन्यांनी प्रसिद्ध झाला.

मृत्यूनंतर

क्रेव्हन, स्टुअर्ट आणि माल्कम लॉ यांनी हे काम पुढे नेले. अंदाज करणाऱ्या गाळण्या सुधारल्या. गजबजलेल्या क्षणांचा भार आजूबाजूच्या शांत क्षणांवर वाटून देणारा साठा जोडला गेला, आणि मर्यादेची अट पाळली गेली. मेरिडियन लॉसलेस पॅकिंग डीव्हीडी-ऑडिओच्या १९९९च्या मानकात समाविष्ट झाले. सहा चॅनेल पूर्ण दर्जाने एका चकतीवर बसू लागले. डीव्हीडी-ऑडिओ स्वतः मात्र बाजारात टिकली नाही. तिची प्रतिस्पर्धी सुपर ऑडिओ सीडी एकबिटी ध्वनीसाठी वेगळेच हानिरहित तंत्र वापरत होती, पण तिलाही मोठा ग्राहकवर्ग लाभला नाही. मेरिडियनची पद्धत डॉल्बीमार्फत पुढे गेली आणि तिचा विस्तार डॉल्बी ट्रूएचडी म्हणून चित्रपटांच्या ब्लू-रे चकत्यांवर आला.

नंतरच्या पद्धतींशी तुलना केल्यास गर्झन यांच्या विचाराचे वेगळेपण लक्षात येते. २००१ मध्ये आलेली फ्लॅक ही मुक्त पद्धत आज सर्वांत प्रचलित आहे आणि ती आठ चॅनेलांपर्यंत चालते. पण चॅनेलांमधील साम्याचा लाभ ती फक्त दोन चॅनेलांच्या ध्वनीत घेते. त्याहून अधिक चॅनेल असल्यास प्रत्येक चॅनेल स्वतंत्रपणे बांधला जातो. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आधी हानीयुक्त गाभा ठेवते आणि त्यातील उणीव स्वतंत्रपणे भरून काढते. त्यामुळे जुनी यंत्रे गाभा तरी वाजवू शकतात. एमपीईजी-४ एएलएस या मानकात चॅनेलांमधील परस्परसंबंध वापरण्याची सोय आहे आणि चॅनेलांची संख्या ६५,५३६ पर्यंत जाऊ शकते. घरातील संगणकावर गाणी साठवणाऱ्याला फ्लॅक पुरते, कारण तेथे दराची कमाल मर्यादा आड येत नाही. चकतीचे गणित निराळे होते, आणि गर्झन यांचे उत्तर त्या गणितासाठी होते.

ॲम्बिसॉनिक्सचेही पुनरुज्जीवन झाले. डोके वळवताच दृश्य बदलणाऱ्या चित्रफितींत ध्वनीही तितकाच वळवावा लागतो, आणि ॲम्बिसॉनिक्सच्या संकेतांत हे काही गुणाकारांनी साधते. यूट्यूबने २०१६ मध्ये अशा चित्रफितींसाठी ही पद्धत स्वीकारली. ओपस या ध्वनिपद्धतीत ती साठवण्याचे मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सन्मान आणि ध्वनिसंग्रह

ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने गर्झन यांना १९७८ मध्ये आपले फेलो केले आणि १९९१ मध्ये सुवर्णपदक दिले. त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत.