शिसं वितळवून अक्षरं पाडणारा मुंबईचा माणूस : डॉ. शंकर आबाजी भिसे

परळ (मुंबई) : आपल्या तालुक्यातून पेशंट घेऊन परळला न गेलेलं घर सापडणं अवघड. मीही चुलत्यांना घेऊन गेलो होतो. ड्रेसिंग करताना सिस्टरनं तपकिरी औषध लावलं, तेव्हा चुलते म्हणाले, हे तर आपण म्हशीच्या सडाला लावतो तेच. बरोबरच होतं, दोन्हीत आयोडीन. आणि आयोडीन म्हटलं की मला एक मराठी माणूस आठवतो. त्याचं नाव आज शाळेच्या पुस्तकातही फारसं दिसत नाही.

शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईत, २९ एप्रिल १८६७ चा. त्या काळी मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे नवे नवे लागले होते. लालबागला आजही गॅस कंपनी लेन आहे बघा. हवा लागू न देता दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला की त्यातून जळणारा वायू निघतो, तोच हा गॅस. चौदाव्या वर्षी भिसेंनी घरच्या घरी असा गॅस काढायचं यंत्र केलं, असं सांगतात. घन कोळशातून वायू निघतो हे त्या पोरानं डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढं जन्मभर पदार्थाची हीच रूपं त्यांच्या कामाला आली.

पोटासाठी ते अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकुनी करत होते. डोकं मात्र यंत्रात. १८९७ मध्ये विलायतेतल्या एका मासिकानं स्पर्धा ठेवली. पीठ, साखर असा सुटा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवायचं होतं. बक्षीस भिसेंना मिळालं. मग त्यांनी नोकरी सोडली आणि लंडन गाठलं. दादाभाई नौरोजी पाठीशी उभे राहिले.

लंडनमध्ये त्यांनी हात घातला छपाईच्या खिळ्यांना. मोबाईलवर वाचणाऱ्या पोरांना खिळे माहीत नसतील. पूर्वी प्रत्येक अक्षराचा धातूचा ठसा असायचा, तो खिळा. एकेक जुळवून लग्नपत्रिका छापायची. आमच्या बाजारपेठेतला छापखाना बंद झाला तेव्हा पोती भरून खिळे भंगारात किलोवर गेले, मी स्वतः पाहिलंय.

आता खिळ्याचा धातू कसा? नुसतं शिसं मऊ पडतं. ते ३२७ अंशाला वितळतं. कथील म्हणजे आपल्या कल्हईचं, ते २३२ अंशालाच पाणी होतं. अँटिमनीला मात्र ६३० अंश लागतात. पण गंमत अशी, की तिन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर मिश्रण नुसत्या शिशापेक्षा कमी उष्णतेवर वितळतं. अँटिमनीमुळं खिळा कडक होतो आणि गोठताना फार आकसत नाही, म्हणून अक्षराची कड शाबूत राहते. रस जास्त तापला तर साच्यात गोठायला वेळ लागतो, कमी तापला तर कोपऱ्यात पोचायच्या आधीच थिजतो. गुळाच्या काहिलीपाशी उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. (रस उकळण्याची भीती नव्हती. शिसं उकळायला साडेसतराशे अंशाच्या आसपास जावं लागतं.)

हेच काम भराभर करणारं यंत्र भिसेंनी बनवलं. नाव भिसोटाइप. पण नुसतं यंत्र असून भागत नाही, कारखाना काढायला भांडवल लागतं. ते उभं राहिलं नाही आणि १९०८ च्या सुमारास त्यांना मुंबईला परत यावं लागलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सर रतन टाटांशी गाठ घालून दिली, १९१० मध्ये लंडनला टाटा-भिसे सिंडिकेट निघालं. पहिल्या महायुद्धात तेही बसलं. माझ्या मते त्यांची खरी कसोटी इथं लागली. वय पन्नाशीकडं झुकलेलं, दोनदा डाव मोडलेला. दुसरा कोणी पेन्शनचा विचार करत घरी बसला असता. भिसे १९१६ मध्ये अमेरिकेला गेले आणि खिळ्यांचं काम पुन्हा सुरू केलं.

तिथंच आयोडीनची भानगड सुरू झाली. हे मूलद्रव्य समुद्री शेवाळाच्या राखेतून १८११ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा सापडलं. साध्या हवेत ते काळपट चमकदार खडे होऊन असतं, पण बाटली उघडी ठेवली तर खडे हळूहळू हवेत उडून जातात. तापवलं की जांभळी वाफ. कल्हईवाल्याचा नवसागर जसा पातळ न होता थेट धूर होतो, तसंच काहीसं. खरं तर आयोडीन ११४ अंशाच्या आसपास वितळतं आणि १८४ ला उकळतं, पण त्याआधीच इतकी वाफ निघते की पातळ रूप सहसा नजरेला पडत नाही. स्पिरिटमध्ये ते पटकन विरघळतं, पाण्यात जेमतेम. त्यामुळं जखमेला लावायचं आयोडीन पोटात द्यायची अडचण. भिसेंनी पाण्यातून घेता येईल असं आयोडीनचं औषध केलं, ॲटोमिडीन नावानं ते अमेरिकेत विकलं गेलं.

त्या औषधाबद्दल तेव्हा बरेच दावे झाले, सगळे खरे धरू नयेत. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं, पण अगदी किंचित. ते आपल्याला मिठातून मिळतं. जास्त झालं तर अपायच. त्यामुळं म्हशीची बाटली कोणी तोंडाला लावू नका.

एडिसनची नि त्यांची भेटही झाली होती. लोक त्यांना भारताचे एडिसन म्हणू लागले. शोध दोनशेच्या घरात, पेटंट चाळीसच्या आसपास. ७ एप्रिल १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये ते वारले. अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता.