पंडित विष्णू नारायण भातखंडे : गाणं कागदावर आणणारा माणूस

संगीताच्या वहीत तुम्ही विलंबित, मध्य, द्रुत असं लिहिता. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, ‘म’च्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. ही खुणांची रीत पंडित भातखंडे यांची.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. सतार शिकले, १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेतली, वकिली केली. १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये मुलगी वारली. मग त्यांनी वकिली सोडली आणि गाण्याच्या शोधात देशभर फिरू लागले.

त्या काळी चिजा उस्तादांच्या गळ्यातच राहत. उस्ताद गेला की त्याच्यासोबत चीजही जायची. शिवाय घराण्याची विद्या बाहेरच्याला कोण देणार? कित्येकांना ती कागदावर उतरवलेली मुळीच आवडत नसे. तरी भातखंड्यांनी जयपूर, रामपूरच्या गवयांकडून शिकून शेकडो चिजा लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या.

युरोपात असं लेखन आधीपासून होतं. सतराव्या शतकापासून इटलीचे रचनाकार स्वरांवर सूचना लिहू लागले. आंदान्ते म्हणजे चालत, आलेग्रो म्हणजे आनंदाने, पियानो म्हणजे हळू आवाजात, फोर्टे म्हणजे जोरात. इतर देशांनी हे शब्द जसेच्या तसे उचलले. कॅसिओवर टेम्पो लिहिलेलं असतं ना, तोही इटालियनच, अर्थ वेळ. (परतवाड्याला माल नेणारा टेम्पो मात्र एका जर्मन कंपनीच्या नावावरून आला, पण त्या नावाचं मूळही तेच बरं का!)

भातखंड्यांना लयीसाठी शब्द उसने घ्यावे लागले नाहीत. विलंबित म्हणजे रेंगाळलेली, द्रुत म्हणजे धावणारी. हे शब्द भरताच्या नाट्यशास्त्रापासूनचे. खुणा तेवढ्या नेमक्या करायच्या होत्या. मींड, गमक कागदावरून पुरती कळत नाही, तिथे गुरूच लागतो, हे मला तरी पटतं. पण निदान चीज हरवत नाही.

१९१६ मध्ये बडोद्याला त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभं केलं. १९३३ मध्ये अर्धांगवायू झाला. १९ सप्टेंबर १९३६ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते गेले.

पुढच्या तासाला भूप आणि भैरवाचे आरोह शेजारी-शेजारी लिहून आणा. भूपात एकही रेघ येणार नाही. भैरवात रे आणि ध खाली येईल.